रिकामं बसण्याचं शूटिंग

तमाम मराठी रसिकांना, हौशी नाट्यसंस्थांना आणि मला आजवर फक्त राजा, न्यायाधीश किंवा मुलीचा कडक बाप याच भूमिका देणाऱ्या पुण्यातल्या सर्व दिग्दर्शकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी चित्रपटसृष्टीत पदार्पण केले आहे. भूमिका नायकाच्या वडिलांची. प्रवेश एक. वाक्ये शून्य.

यातली शेवटची बाब मला माणगावला पोचल्यावर कळली.

माणगाव

एसटी स्टँडवर मला न्यायला मुक्ता आली होती. मुक्ता म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय सव्वीस, अंगाने काडी, आवाज मात्र असा की स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या माणसाने माईक खाली ठेवून बघावं. एका हातात काथ्याच्या दोरीचं भेंडोळं, दुसऱ्या हातात गाडीच्या पुढच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदा.

"गाडी घेतलीस की काय?" मी विचारलं.

"नाही मामा. हा आपला रिफ्लेक्टर. उजेड तोंडावर पाडायला."

"आणि दोरी?"

"कॅमेरा माडाला बांधायला. स्टँडचा पाय मोडलाय."

स्टँडसमोरच्या हॉटेलात कांदाभजी मागवली. एक घाणा संपेपर्यंत मी धीर धरला आणि मग अगदी सहज वाटावं अशा सुरात म्हणालो, "माझे संवाद काही पाठवले नाहीस ते."

"संवाद नाहीयेत."

"म्हणजे कमी आहेत."

"म्हणजे नाहीयेत. आमचा हिरो अनस किनाऱ्यावर बसलेला असतो. तू येतोस, त्याच्या शेजारी बसतोस. संपलं."

"प्रवेश संपला?"

"सिनेमा संपला."

मग तिने सगळं नीट सांगितलं. ती आणि तिचे दोन मित्र (कॅमेऱ्यावर विनय, आवाजावर तृप्ती) गेले तीन हिवाळे सुट्ट्या काढून दिवेआगरला येत होते आणि तिथल्याच तीन पोरांना घेऊन सिनेमा करत होते. पोरांची शाळा संपलेली, पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही, दिवसभर इथेतिथे बसायचं. तोच सिनेमा. सगळं चित्रण झालं होतं, फक्त शेवट राहिला होता. तो पुढच्या महिन्यात निवांत करायचा बेत होता. पण नायकाचं काम करणाऱ्या अनसचा खराखुरा व्हिसा आला. दोहाला एका मोठ्या दुकानाच्या गोदामात नोकरी लागली होती, आणि परवा सकाळी तो निघणार होता. एकदा गेला की दोन वर्षं सुट्टी नाही. त्यात वडिलांचं काम करणाऱ्या अलिबागच्या गृहस्थांची कंबर धरली. म्हणून मी.

"दोन संध्याकाळी आहेत आपल्याकडे," मुक्ता म्हणाली. "आजची आणि उद्याची. शेवट झाला नाही, तर तीन वर्षांचं सगळं तसंच पडून राहणार. अर्धा सिनेमा कोण दाखवणार?"

तिने हे भजी खाता खाता, हसत सांगितलं. पण दुसरी प्लेट आली तेव्हा तिने एकही भजं घेतलं नाही.

ज्यांनी या जातीचे सिनेमे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. मीही पाहिले नव्हते. मागच्या दिवाळीत मुक्ताने मला तिच्या लॅपटॉपवर एकामागून एक चार दाखवले. जगातल्या चार कोपऱ्यांतले, पण चारही एकमेकांची चुलत भावंडं. पोरं भिंतीवर बसतात. एकाकडे मोटरसायकल असते, तिच्यात पेट्रोल नसतं. कुणीतरी कुणावर तरी प्रेम करतं आणि ते सांगायचं राहून जातं. शेवटी एकजण गाव सोडतो. मारामारी नाही, गाणं नाही, खलनायकही नाही. पहिल्या सिनेमाला मी झोपलो, दुसऱ्याला चिडलो. तिसऱ्यात एक मुलगा बराच वेळ नुसता बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभा होता, आणि त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. आधी खिशात घातले, मग काढले, मग छातीवर घडी. मी ताठ बसलो. सोळाव्या वर्षी माझे हात अगदी असेच नकोसे झालेले मला आठवले. मोठ्या सिनेमातल्या सोळा वर्षांच्या मुलाला कधी मुरूम नसतात, कारण त्याला रंगवायला माणूस ठेवलेला असतो. या सिनेमांकडे तो माणूस ठेवायची ऐपत नसते, म्हणून मुरूम राहतात, आणि मुरमांबरोबर ते वयही राहतं. चौथा सिनेमा मी स्वतःहून परत लावायला सांगितला.

वाडीतली दुपार

दिवेआगरला आम्ही उतरलो ते सुमनकाकींच्या वाडीत. पुढे पर्यटकांसाठी चार खोल्या, मागे माड-पोफळी, त्याच्या मागे केवड्याचं बन आणि मग समुद्र. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात अर्ध्याहून अधिक पोफळी झोपल्या होत्या. नव्या लावलेल्या आता माझ्या डोक्याइतक्या झाल्या होत्या, आणि जुन्या उंच झाडांमध्ये अशा उभ्या होत्या की मोठ्या माणसांच्या फोटोत शाळकरी मुलं घुसलीत. अंगणभर सुपारी वाळत घातलेली. जेवायला वालाच्या बिरड्याची उसळ, कोळंबीची खिचडी आणि सोलकढी. सोलकढीच्या चौथ्या पेल्यानंतर काकींनी मोजणं सोडलं आणि तांब्या माझ्यासमोर ठेवून दिला.

दुपारी एक राहिलेलं छोटं दृश्य घ्यायचं होतं. अनस, ओंकार आणि श्रावणी, तिन्ही पोरं गडग्यावर, म्हणजे वाडीच्या दगडी कुंपणावर बसली होती. त्यांनी काहीही करायचं नव्हतं. विनयने माडाला बांधलेल्या कॅमेऱ्याला डोळा लावला. तृप्तीच्या माईकला वाऱ्यासाठी लोकरीची कानटोपी घातलेली होती. क्लॅपची पाटी नव्हती म्हणून मुक्ताने दोन हातांची टाळी वाजवली. काय सांगू, ती पोरं अशी बसली की बघत राहावं. ओंकार पायातली चप्पल अंगठ्यावर झुलवत होता. श्रावणी केसाचं टोक दातात धरून समोर बघत होती. अनस दोघांच्या मध्ये, खांदे पडलेले, तोंड किंचित उघडं. चाळीस वर्षं रंगमंचावर काढली, पण इतकं सुंदर काहीही-न-करणं मला जमलेलं नाही.

"अरे, तिघंपन नुस्ती बसलाव काय?" मागून सुमनकाकींचा आवाज आला. "ती सुपारी फिरवा जरा. एका अंगानं वाळतेय."

आणि तिन्ही नट गडग्यावरून टपाटप उड्या मारून सुपारी फिरवायला गेले.

"कट," मुक्ता म्हणाली. "काकी, शूटिंग चाललंय."

"शूटिंग हाय ते दिसतंय गो. पन पोरं बसलीत ना."

दुसऱ्यांदा टाळी वाजली. या वेळी डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली गडग्याजवळ थांबली. "ओंकार, बसलायस तर पाटी उतर माझी," असं म्हणून तिने मान पुढे केली, आणि ओंकारने पाटी उतरवून घेतली. तिसऱ्यांदा देवळाकडचे एक आजोबा सायकल थांबवून श्रावणीला म्हणाले, "तुझी आय नळावर एकटी हाय, आनि तू हितं पाय हालवत बसलीस?" श्रावणी गेली. नळावरून परत यायला तिला बराच वेळ लागला, कारण वाटेत आणखी कुणीतरी कोथिंबीर निवडायला बसवलं होतं.

मी थक्क झालो. पुण्यात कट्ट्यावर बसलेल्या मुलाला जाणारा-येणारा मत देतो. इथे काम देतात. आणि पोरंही अशी की आधी उठतात, मग आपण सिनेमात आहोत हे त्यांना आठवतं.

"तीन वर्षं हेच चाललंय," विनय म्हणाला. "रिकाम्या पोरांवरचा सिनेमा, आणि पोरांना कुणी रिकामं बसू देत नाही. एक मिनिटाचं दृश्य घ्यायला दिवस जातो."

शेवटी मला वाटेच्या तोंडाशी पहाऱ्यावर उभं केलं. माझ्या देहयष्टीकडे आणि आवाजाकडे बघता ही निवड योग्य होती. मी हात आडवा करून, नाटकातला द्वारपाल उभा राहतो तसा उभा राहिलो. पहिल्या आजींनी विचारलं, कोण तुम्ही? मी सांगितलं, नट. त्या म्हणाल्या, कशातले? मी सांगायला लागलो. ऐकायला आणखी दोघी थांबल्या. मुक्ता जेव्हा मला शोधत आली, तेव्हा मी एका पायरीवर बसून त्यांच्या सुपाऱ्या सोलत होतो आणि माझं बोट कापलेलं होतं.

"मामा, तू पहारा देतोयस ना?"

"बसलो होतो," मी म्हणालो, "म्हणून त्यांनी दिलं."

पहिली संध्याकाळ

उन्हं उतरल्यावर किनाऱ्याच्या शांत टोकाला, सुरूच्या झाडांपाशी गेलो. दिवेआगरची वाळू ओहोटीला इतकी लांब उघडी पडते की समुद्र आपल्यावर रुसून निघून गेलाय असं वाटावं. ओल्या वाळूवर लालसर आकाश पडलं होतं. अनस वाळूत बसला. मी लांबून चालत यायचं, शेजारी बसायचं, दोघांनी समुद्राकडे बघायचं.

मी आलो. बसलो. बघितलं.

"मामा, भुवया."

"काय झालं भुवयांना?"

"वर गेल्या. तू काहीतरी करतोयस."

"मी काहीच करत नाहीये."

"तेच तू फार करतोयस."

पुन्हा आलो. या खेपेला म्हणे माझा उसासा तृप्तीच्या कानात वादळासारखा घुसला. तिसऱ्या खेपेला मी भुवया आणि श्वास दोन्ही ताब्यात ठेवून इतक्या एकाग्रतेने चाललो की मऊ वाळूत पाय रुतून चप्पल मागे राहिली आणि मी पुढे गेलो, नायकाच्या पायाशी साष्टांग. अनसने मला उठवलं, कपड्यांवरची वाळू झाडली आणि विचारलं, "काका, बरे हाव ना?"

पण खरी अडचण माझी नव्हती. मुक्ताने मला बाजूला घेऊन कॅमेऱ्यात दाखवलं. दोन हिवाळ्यांपूर्वीचा अनस आणि आजचा. तो आधीचा मुलगा वाळूत असा बसला होता की कुणीतरी पोतं टाकून विसरून गेलंय. आजचा ताठ होता. गुडघा हलत होता. दर थोड्या वेळाने नजर मनगटावर, आणि मनगटावर घड्याळही नव्हतं.

"गडग्यावर ओंकार-श्रावणी असतात म्हणून जमतं. ते नसले की व्हिसा आल्यापासून हा असाच," मुक्ता म्हणाली. "इतका चांगला रिकामा मुलगा होता, मामा. आता त्याला बसताच येत नाही."

अंधार पडला. कॅमेरा सोडला, दोरी गुंडाळली. परतताना मुक्ता सगळ्यात मागून येत होती, आणि तो चंदेरी पडदा वाळूतून फरफटत होता.

अनसच्या घरी

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण अनसच्या घरी होतं. मुलगा परगावी निघाला म्हणून घर भरलेलं. ओटीवर उघडी बॅग, बॅगेत लोणच्याची बरणी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली. अनसच्या अम्मीने तांदळाच्या रोट्या आणि सुरमईचं सालन वाढलं. रोट्या इतक्या पातळ की ताटाची नक्षी दिसावी. शेवटी सांदण आलं. आमच्याकडे सांदण म्हणजे फणसाचं, पिवळं, जड. हे पांढरंशुभ्र, फुललेलं, वर नारळाचं गोड दूध. मी तीन खाल्ली आणि चौथ्याला नाही म्हणताना भुवया जागेवर ठेवू शकलो नाही.

अनसचे वडील हनीफभाई माझ्यासमोर बसले होते. कमी बोलणारे, रुंद मनगटांचे. आखातात ट्रक चालवण्यात त्यांची उमर गेली. त्याच वादळात घराचं छप्पर उडालं तेव्हा परत आले ते राहिले.

"तुमी पिच्चरमधी याचे अब्बा हाव," ते म्हणाले.

"तुमची परवानगी असेल तर."

"आनि हा करतो काय त्यात?"

"बसतो," मी म्हणालो.

"मग?"

"मग दुसरीकडे जाऊन बसतो."

हनीफभाईंनी रोटीचा तुकडा सालनात बुडवून ठेवला. "आनि हे बघाया लोक येनार?"

"मी येईन," मी म्हणालो. मला हे खरोखर वाटत होतं, म्हणून ते नाटकी झालं नाही. मी त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा गडग्यावर बसतो तेव्हा त्याच्याकडे बघताना आपलं आपल्याला काहीतरी आठवायला लागतं, आणि हे मोठमोठ्या नटांना जमत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांच्या भुवया माझ्यासारख्या नव्हत्या.

"आज त्याला घरोघर सलामाला न्यायचंय," ते मुक्ताला म्हणाले. आखातात जाणाऱ्याने निघायच्या आधी गावातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या दारात जाऊन यायचं, अशी तिथली रीत. "मगरिबच्या नमाजाआधी मी किनाऱ्यावर येतो. तवा सोडायचा त्याला. आनि तुमी शूटिंग करताव म्हनून नुस्ता बसवून नका ठेवू. बॅग बांधायची हाय."

मगरिब म्हणजे सूर्य बुडाल्यावरची नमाज. आम्हाला हवा होता तो उजेड सूर्य बुडताना. मुक्ताने मान डोलावली. दुसरं ती काय करणार होती?

दुसरी संध्याकाळ

पहिला प्रयत्न माझ्या चालण्यामुळे गेला. दुसऱ्यात एक कुत्रा आला आणि त्याने माझ्यापेक्षा चांगलं काम केलं, पण तो कथेत नव्हता. तिसऱ्यात मी बसलो, श्वास रोखला, भुवया आवरल्या, आणि अनसचा गुडघा थडथड हलायला लागला. सूर्य पाण्यापासून हातभर वर होता.

मुक्ता माझ्याजवळ आली. "मामा, रागावू नकोस. तू नको. तो एकटाच बसेल."

अशा रीतीने चित्रपटसृष्टीतली माझी कारकीर्द समाप्त झाली. मी रागावलो नाही. तिचा चेहरा बघून रागावता येण्यासारखं नव्हतं. मला पुन्हा पहाऱ्यावर, सुरूच्या झाडांपाशी पाठवलं. जाताना तिने सगळ्यांना बजावलं की आता काहीही झालं तरी कॅमेरा थांबवायचा नाही. एवढाच उजेड आहे.

टाळी वाजली. अनस बसला. ताठ. गुडघा हलत होता.

तेवढ्यात माझ्या बाजूने हनीफभाई आले. स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी, हातात चप्पल. ठरल्यापेक्षा थोडे लवकर. मी हात आडवा केला. माझं एकमेव काम होतं ते. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग वाळूत एकट्या बसलेल्या पोराकडे. हाक मारण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझा हात हलकेच बाजूला करून ते पुढे गेले. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मुक्ताकडे बघितलं. विनयला थांबू नको म्हणून वर केलेला तिचा हात हवेत तसाच होता, आणि बोटांची मूठ झाली होती.

हनीफभाई सरळ चालत गेले. कसे चालले ते सांगतो, कारण मी दोन संध्याकाळी ते करायचा प्रयत्न करत होतो. माणूस दिवसभराचं काम आटपून घराकडे चालतो तसे. मुलाच्या शेजारी जाऊन त्यांनी चपला वाळूत ठेवल्या, एक हात टेकून खाली बसले आणि समुद्राकडे बघू लागले. अनसने मान वळवली नाही. पण त्याचे खांदे हळूहळू खाली आले. गुडघा थांबला. आणि कॅमेऱ्यात बघितलेला तो पोत्यासारखा बसणारा मुलगा परत आला.

सूर्य पाण्याला टेकला. विनय श्वास घेत नव्हता. मीही नाही. मुक्ताने डोळे पुसले नाहीत, कारण हात वर होता.

आणि सुरूच्या बनातून, माझ्या पहाऱ्याला वळसा घालून, डोक्यावर वाळल्या झावळ्यांचा भारा घेतलेल्या सुमनकाकी किनाऱ्यावर उतरल्या. मी खुणा केल्या. मी दोन्ही हात हलवले, तोंडावर बोट ठेवलं, शेवटी गुडघ्यांवर बसून हात जोडले. त्यांना वाटलं मला काहीतरी झालं. मग त्यांची नजर पुढे गेली.

"अरे अनस," त्यांनी तिथूनच मोठ्याने हाक मारली, "बसलायस काय नुस्ता? ये, भाऱ्याला हात लाव."

अनसचा एक हात वाळूवर टेकला. तो उठायला लागला होता. मुक्ताचे ओठ हलले, पण ती 'कट' म्हणाली नाही.

हनीफभाईंनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, आणि मागे न बघता, दुसऱ्या हाताने समुद्राच्या पल्याड दाखवत ते साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले:

"बसू दे त्याला, वैनी. तितं मला एक दिस कोनी बसू दिलेलं न्हाय."